नेमकं हलतंय कोण

आमच्या घरात नेमकं कोण हलतं, यावर आईबाबांचा वाद माझ्या जन्माच्याही आधीपासून चालू होता. बाबा सातपाटीत आमच्याच बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं आणि कधी मुकाट्याने माघारी फिरायचं हे ठरवणारा माणूस. आठ-दहा दिवस समुद्रात काढून घरी आले की त्यांचं पहिलं काम दाराची चौकट धरून उभं राहण्याचं असे. "घर हालतंय," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत, की ते नसताना आम्ही घराचा पाया काढून विकला असावा असा कुणालाही संशय यावा. आई हातातलं काम न सोडता म्हणे, "घर नाय हालत. तुमी हालता." मग ते आंघोळ करत, जेवत, झोपत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर थांबे. हे काही आमच्याच घरचं वैशिष्ट्य नव्हतं. बोटी लागल्या की त्या संध्याकाळी आमच्या आळीतले निम्मे पुरुष चौकटी धरून उभे असत आणि त्यांच्या बायका त्यांना हसत असत.

मी लहानपणी बाबांच्या बाजूची होते. एकदा त्यांची बाजू सिद्ध करायची म्हणून मी पितळी पेला काठोकाठ भरून घराच्या मधोमध जमिनीवर ठेवला आणि पोटावर पडून बघत बसले. बाबा चौकट धरून उभे होते, घर हलतंय म्हणत होते, आणि पेल्यातलं पाणी मात्र ढिम्म हलत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रयोग. निकाल स्वच्छ होता आणि तो मी बाबांना सांगितला नाही, कारण त्यांचा पडलेला चेहरा बघायची माझी तयारी नव्हती. पेला तिथेच टाकून मी खेळायला पळाले. निकाल लपवायची ही सवय पुढे मला चांगलीच भोवली.

आता मी पालघरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिशी ओलांडल्यावर, लोक साधारण ज्या वयात घर बांधायला काढतात त्या वयात, मी पीएचडी काढली. विषय रेडिओ खगोलशास्त्र. आकाशातल्या पुष्कळ वस्तू प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही पाठवत असतात. पुण्याच्या पुढे माळावर उभ्या असलेल्या मोठाल्या तबकड्या त्या पकडतात आणि त्यांच्या नोंदी माझ्या लॅपटॉपवर येतात. मी ओटीवर बसून त्या तपासते. समोर अंगणात बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणं हे माझं दुसरं, घरच्यांच्या मते मुख्य, काम असतं. आईने हा विषय पहिल्यांदा नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "मंग त्या रेडिओवर गानी लागतात का?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला.

माझ्या वाट्याला आकाशाचा एक लहानसा तुकडा आला होता. त्यात शंभरेक ठिपके. प्रत्येकाला ट्रकच्या नंबरप्लेटसारखा लांबलचक नंबर. बाकीचे सगळे ठिपके गुणी मुलांसारखे एकाच प्रखरतेने बसून होते. एकच होता, तो काही तासांत उजळायचा, काही तासांत मंदावायचा, पुन्हा उजळायचा. आमच्या घरी त्याला नंबर वगैरे नव्हता, नुसता "ठिपका" म्हणत.

असं काही दिसलं की पहिला संशय स्वतःच्या सामानावर घ्यायचा असतो. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. एखादं गिऱ्हाईक तराजूच्या काट्याबद्दल कुरकुरलं की ती आधी वजनावर वजन ठेवून दाखवते आणि मग गिऱ्हाइकाकडे बघते. आमच्याकडेही तसंच. ज्याची प्रखरता वर्षानुवर्षं बदलत नाही असा एखादा ठरलेला ठिपका दर अर्ध्या तासाने बघायचा. तो ठीक दिसला तर आपला काटा ठीक. मी तो बघितला, ठीक होता. शेजारचे ठिपके बघितले, तेही ठीक. हलत होता तो फक्त माझा ठिपका.

इथे माणसाचं डोकं फिरतं. एखादी वस्तू काही तासांत बदलत असेल, तर ती फार मोठी असू शकत नाही, कारण तिच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचायलाही वेळ लागतो. आणि इतकी चिमुकली वस्तू इतक्या लांबून एवढी झगझगीत दिसत असेल, तर ती आजवर माहीत असलेल्या कशातच बसत नाही. मी पुण्याला माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. बाई निवृत्तीला आलेल्या, बोलायला काटकसरी. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. आता सहा महिने कुणाला सांगू नका."

मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं.

त्याला कारण होतं. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे बाबांनी आदल्या वर्षी होळीच्या सुमारास बोट माझ्या चुलतभावाच्या हाती दिली होती. तेव्हापासून ते रोज बंदरावर जाऊन बसत आणि कुणी न विचारता सल्ले देत. मग घरी येऊन गप्प बसत. समुद्रावर जाणं बंद झालं, तसं घर हलायचंही बंद झालं. आईला आता "तुमी हालता" म्हणायला जागाच उरली नव्हती. ती ते बोलून दाखवत नसे, पण बाबा बाहेरून आले की क्षणभर दाराकडे बघे आणि मग पुन्हा कामाला लागे. घर इतकं स्थिर झालेलं मला सोसवत नव्हतं. म्हणून मी बाबांना म्हटलं, "बाबा, मला बहुतेक असं काहीतरी सापडलंय, जे अजून कुणालाच सापडलेलं नाही." बाबा ताठ बसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं बसलेलं बघितलं नव्हतं.

बाबांना सांगणं आणि बंदरावर कर्णा लावून सांगणं यात फार अंतर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरला जायला मी रिक्षात बसले, तर रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, तारा घावला म्हनं?" आठवड्याभरात एडवणहून मावशी पेढे घेऊन आली. बोईसरला आईने तिच्या खास हिंदीत खबर पसरवली. तिच्या गिऱ्हाइकांत कारखान्यांतले यूपी-बिहारकडचे कामगार पुष्कळ. "मेरी लडकी को तारा मिला हाय, हिलनेवाला." त्यातला एक जण रोज पाळी सुटल्यावर येई आणि बोंबील घेता घेता विचारे, "मौसी, आज हिला क्या?" आई ठामपणे सांगे, "रोज हिलता हाय." तिला तसं सांगायचा अधिकार मी दिलेला नव्हता. मच्छीमारांच्या संस्थेने तर ठरवूनच टाकलं, की नव्या हंगामाच्या तोंडावर, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, संस्थेच्या हॉलमध्ये माझा सत्कार करायचा.

ठिपका तारा नाही, कुठल्या तरी फार दूरच्या दीर्घिकेच्या पोटातली वस्तू असावी, हे मी सुरुवातीला एक-दोघांना समजावून बघितलं. मग नाद सोडला.

एप्रिल-मेमध्ये ठिपका मंदावला. म्हणजे प्रखरता कमी झाली नाही, हालचाल मंदावली. थंडीत जो चढउतार काही तासांत व्हायचा, त्याला आता दोन-दोन, तीन-तीन दिवस लागायला लागले. इथे खरं तर मी चपापायला हवं होतं. उलट मी हरखले. मला वाटलं, ठिपका थकतोय, माझ्या डोळ्यांदेखत शेवटाला चाललाय, आणि हे बघणारी मी जगातली एकटी. त्या आनंदात मी बाईंना चार पानी मेल लिहिली. तिच्यात "अभूतपूर्व" हा शब्द तीनदा होता. बाईंचं उत्तर आलं: "हं."

जून उजाडला आणि मासेमारी बंद झाली. बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या गेल्या. बंदीच्या या दोन महिन्यांत आमच्याकडे घरोघरी ओटीवर जाळी सांधत बसलेले पुरुष दिसतात. बाबांची स्वतःची बोट उरली नव्हती, तरी चुलतभावाचं जाळं त्यांनी मागून आणलं होतं. दुपारची वेळ होती. ते जाळ्याच्या ढिगात बसले होते आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन. थंडीतला आलेख आणि मेमधला आलेख मी एकाखाली एक लावले होते.

"तुजा ठिपका कसा हाय?" बाबांनी विचारलं. घरात एखादं आजारी माणूस असावं तसं ते रोज विचारत.

"थकलाय," मी म्हटलं. "हे बघा, हा थंडीतला. कसा भराभरा वरखाली होतोय. आणि हा आताचा."

बाबांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ दोन्ही आलेख बघितले. मग पुन्हा दोरा ओढायला लागले. मला वाटलं, झालं बघून. एक अख्खं भोक सांधून झाल्यावर ते म्हणाले, "थकलेला नाय वाटत."

"का?"

"थकलेलं मानूस हात वर करतो तो अर्ध्यातच सोडतो. ह्याचा हात पूर्वी जेवडा वर जात व्हता, तेवडाच आता जातो. बग."

मी बघितलं. खरंच, चढउतारांची उंची जशीच्या तशी होती. फक्त ते एकमेकांपासून लांब गेले होते. तीन महिने मी त्या आलेखांवर वाकून बसले होते आणि ही साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, कारण मला मरणारा ठिपका हवा होता.

"ही लाट हाय," बाबा म्हणाले.

"लाट नाही बाबा, ती प्रखरता आहे, म्हणजे…"

"ते तुजं तू जान. मी बोटीचं सांगतो. बोटीचं तोंड, नाळ, लाटेवर धरून चाललं ना, की बोट भराभर उचलते, भराभर आपटते. तीच बोट लाटेसंगं परत आन, तर सावकाश चडते नि सावकाश उतरते. लाट तेवडीच. दर्या तोच. बोट कुनीकडं चाललीय तेवडाच फरक." त्यांनी दाताने दोरा तोडला. "तू कुनीकडं चाललीस?"

"मी कुठे चालले? मी इथेच बसलेय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची शाळा चौथीत सुटली. "कालेजात काय शिकवतेस तू? पुर्थवी बसलेली हाय म्हनून?"

दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांपुढे उभी राहून मी सांगते, की आपण सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावतोय, आणि मुलांनी तोंडं वासली की मला बरं वाटतं. तीच मी सहा महिने स्वतःला ओटीवर बसलेली समजत होते. माझे कान तापले. मी लॅपटॉप उचलून आत गेले.

गोष्ट अशी होती. ठिपका आणि आपण यांच्यामध्ये, आपल्या बऱ्याच जवळ, विरळ वायूचा एक पडदा असावा, कुठे दाट, कुठे पातळ. ठिपक्याच्या लहरी त्यातून येताना वाकड्यातिकड्या होतात आणि पडद्याच्या अलीकडे, जिथून पृथ्वी जाते तिथे, उजळ-मंद पट्ट्यांचं जाळं पसरतं. पृथ्वी त्या पट्ट्यांतून चाललेली असते. वर्षातले काही महिने ती पट्ट्यांना सामोरी जाते, तेव्हा ठिपका भराभर हलताना दिसतो. काही महिने ती पट्ट्यांबरोबर चालते, तेव्हा सावकाश. ठिपका बिचारा जागच्या जागी असतो. हे असं घडू शकतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. फक्त ते माझ्या ठिपक्याच्या बाबतीत घडू नये अशी माझी इच्छा होती.

मी बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हं. आता बोललात." म्हणजे त्यांना अंदाज होता आणि माझं मला कळेपर्यंत त्या थांबल्या होत्या. "कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं.

"एका तांडेलांनी."

"मग त्यांचं आणखी थोडं ऐका. तोच दर्या असेल, तर मागच्या वर्षीही तसाच असणार. जुन्या नोंदी काढा."

पुढचा महिना मी जुन्या नोंदी उपसण्यात घालवला. आकाशाच्या त्याच भागातलं भलतंच काहीतरी बघायला दुसऱ्या कुणी कुणी आधीच्या वर्षांत तबकड्या वळवल्या होत्या आणि त्यांच्या चित्रांच्या कोपऱ्यात माझा ठिपका न बोलावता येऊन बसला होता. एका थंडीत भराभर. उन्हाळ्यात सावकाश. त्याच्या आधीच्या थंडीत पुन्हा भराभर. दरवर्षी तेच. दर थंडीत ताजातवाना होणाऱ्याला मरणारा म्हणता येत नाही. निकाल स्वच्छ होता, त्या पेल्यातल्या पाण्याइतका.

संशोधन म्हणून यात माझं काही बिघडलं नव्हतं. उलट ठिपका स्थिर आहे, फार बारीक आहे आणि मध्ये वायूचा पडदा आहे, असं नक्की सांगता येणारं काहीतरी हातात आलं होतं. बाई खूश होत्या, म्हणजे त्यांनी "बरं" असं उत्तर लिहिलं होतं. प्रश्न होता तो बाबांचा. त्यांनी सगळ्या बंदराला हलणारा तारा सांगितला होता. बोट सुटल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं एवढंच काय ते होतं, आणि सत्काराला पंधरा दिवस उरले होते. संस्थेने तर मे महिन्यातच फ्लेक्ससुद्धा छापून आणला होता. त्यावर चुलतबहिणीच्या लग्नातला माझा फोटो, मागे चांदण्या आणि मोठ्या अक्षरांत: "चमचमणाऱ्या ताऱ्याचा शोध लावणाऱ्या आपल्या गावच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन."

सत्कारात उभं राहून खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. म्हणजे खरं सांगावं लागणार होतं, आणि ते आधी बाबांना सांगायला हवं होतं. मी रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायचे. त्या दुपारच्या बोलण्यातून त्यांना कितपत उलगडलं होतं, तेही मला माहीत नव्हतं. मग मी बाबांचं निरीक्षण सुरू केलं. सवयच ती. सोमवारी ते कमी जेवले. मंगळवारी जाळं सांधताना गुणगुणत होते. बुधवारी पुन्हा भाकरी अर्धी टाकली, बंदरावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी मनातल्या मनात आलेख काढत होते आणि त्याचा एकच अर्थ मला दिसत होता: बाबांना कळलंय, आणि ते आतून मोडलेत.

शेवटी मी आईला सांगितलं. ती बाजारातून येऊन टोपल्या धूत होती. मी सगळं सांगितलं, ठिपका हलत नाही, बाबांनी गावभर केलंय, ते खचतील. आईने टोपली उलटी करून आपटली आणि म्हणाली, "सांगून टाक त्यांना."

"आणि खचले तर?"

"खचतो कोन ते बगू," आई म्हणाली आणि दुसरी टोपली घेतली. मला तिचा रागच आला. चाळीस वर्षं संसार करून नवऱ्याचं मन कळत नाही म्हणजे काय, असं मला वाटलं.

सत्काराचा दिवस आला तरी मी बाबांना सांगितलेलं नव्हतं. ते सकाळीच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून कुठेतरी गेले होते. चार वाजता मी आणि आई हॉलवर गेलो. हॉल भरलेला होता. बायका नेसूनसवरून, डोक्यात अबोलीचे गजरे घालून पुढे बसल्या होत्या. मी भाषण लिहून नेलं होतं, ते भाषण कमी आणि माफीनामा जास्त होता. आत शिरताच मला ताज्या ऑइलपेंटचा वास आला. संस्थेचे अध्यक्ष ओशाळे होऊन पुढे आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाबांनी सकाळी येऊन जरा… तुमीच बगा."

मी फ्लेक्सकडे बघितलं. "चमचमणाऱ्या" या शब्दावर बोटीला लावतात त्या निळ्या रंगाचा जाड पट्टा ओढलेला होता. आणि त्याच्या वर, माझ्या कपाळाला थोडंसं टेकून, "थीर" असं लिहिलेलं होतं. अक्षर मी लगेच ओळखलं. आमच्या बोटीच्या नाळेवर वर्षानुवर्षं त्याच अक्षरात बोटीचं नाव होतं. बाबा फ्लेक्सच्या शेजारी उभे होते, करंगळीला निळा रंग लागलेला.

मला बोलायला उभं केलं. कागद हातात असून मी तो उघडला नाही. म्हटलं, "मी आधी सांगितलं होतं त्यात चूक झाली. तो तारा हलत नाही." आणि कुजबुज ऐकायची तयारी करून थांबले. कुणी कुजबुजलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तांडेलांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "आपन हालतो. म्हाईत हाय. पुडं बोला."

सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी जूनमध्येच, मी लॅपटॉप उचलून आत गेले त्याच संध्याकाळी, बंदरावर जाऊन सांगितलं होतं, की पोरीचा तारा थीर हाय आणि पुर्थवीच लाटेवर चाललीय. त्यावर तिथे आठवडाभर चर्चा झाली होती. कुठल्या महिन्यात नाळ लाटेवर आणि कुठल्या महिन्यात लाटेबरोबर, हेसुद्धा त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, आणि ते जवळपास बरोबर होतं. बोईसरच्या बाजारात तो कामगारही महिनाभरापासून आईला म्हणत होता, "मौसी, तारा तो खड़ा है, हम ही हिल रहे हैं." गावात ही गोष्ट गुपित आहे असं समजणारी एकटी मी होते.

सत्कार झाला. नारळ मिळाला, शाल मिळाली. माणसं चहाकडे वळल्यावर मी बाबांना दाराशी गाठलं आणि विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं?"

"हलणारा तारा म्हणून तुम्ही सगळीकडे सांगितलं होतंत."

बाबांना माझा प्रश्नच समजेना. "दर्यात हालनारं रग्गड असतं, बाय. थीर काय घावलं तर आमी त्याची खून धरून घरी येतो. तुला थीर घावलं. ह्यात वायट काय?"

"मग पंधरा दिवस जेवत का नव्हता? भिंतीकडे तोंड करून काय पडून राहत होता?"

"दाड दुकत व्हती," बाबा म्हणाले.

मागे आई उभी होती. तिने माझ्या हातातला नारळ काढून आपल्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "ते नाय हालत. तूच हालतेस." ते वाक्य जन्मात पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं होतं. मला लाज वाटली. बाबा खचले असते की नाही हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, परस्परच त्यांना दुबळं ठरवून मोकळी झाले होते. आणि ते मी आज करत नव्हते, फार पूर्वीपासून करत होते. म्हणून मी तिथेच, दारात, त्यांना पितळी पेल्याची गोष्ट सांगून टाकली. पाणी हललं नव्हतं, मला तेव्हाच कळलं होतं आणि मी लपवलं होतं, हे सगळं.

"म्हाईत हाय," बाबा म्हणाले. "तू पलालीस, तवा मीच तो पेला उचलला. पानी प्यालो."

"पाणी हलत नव्हतं ते बघितलं होतंत?"

"बगितलं ना."

"आनि तरी जलमभर घर हालतंय म्हनत राह्यले," आई म्हणाली.

बाबांनी हॉलच्या दाराची चौकट धरली. गुडघे दुखत असतील म्हणून असेल, किंवा उगीच. "पानी नसंल हालत," ते म्हणाले. "घर हालत व्हतं."

"घर नाय हालत," आई म्हणाली, आणि तिथून घरापर्यंतच्या वाटेवर दोघं भांडत माझ्या पुढे चालत राहिली. दीड वर्षाने आमच्या घरातला तो वाद पुन्हा सुरू झाला होता.